पुरात मुलांसाठी आलेली टीम : सहा वर्षांनंतर लिहिलेला रिव्ह्यू

परवा वहिनीच्या मावसबहिणीचा फोन आला, तिचं सासर सीना नदीच्या काठी. सप्टेंबर २०२५ ला तिकडं जे पाणी आलं त्यात सोयाबीन तर गेलंच पण घरात पण शिरलं, पोरांची दप्तरं भिजून लगदा झाला आणि आता तिची पाच वर्षांची मुलगी रात्री लाईट बंद करू देत नाही. ती विचारत होती की ताई तुमच्याकडं २०१९ ला मुलांसाठी कुणी लोक आलेले ना, ते कसे होते, असे लोक बोलवायचे का नाही, का उगीच पोरांना पुन्हा पुन्हा तेच आठवायला लावतात. मी फोनवर अर्धा तास बोलले पण नीट सांगता आलं नाही म्हणून इथं सविस्तर लिहितेय, म्हणजे तिच्यासारख्या बाकीच्यांना पण उपयोग होईल.

टीमचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण चांगलं लिहिणार तसं तक्रारी पण लिहिणार आहे. त्यांनी आमच्याकडं एकही बॅनर लावला नव्हता. पूर, भूकंप, दरड असं काही झालं की ते छावणीत आणि नंतर गावात मुलांसाठी रोज ठरलेल्या वेळेला एक जागा चालवतात, खेळ, गाणी, चित्रं, गोष्टी आणि त्याबरोबर आईबापांशी, शिक्षकांशी, अंगणवाडी ताईंशी बोलणं. पैसे घेत नाहीत.

आधी आमचं काय झालेलं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं गाव सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. ५ ऑगस्ट २०१९, नागपंचमी होती, दुपारी पुरणाची दिंडं खाल्ली आणि संध्याकाळी मळीतल्या उसात पाणी आलं. आमच्याकडं सगळ्यांच्या डोक्यात २००५ चा पूर. तेव्हा पाणी आमच्या घराच्या तिसऱ्या पायरीला लागून परत गेलं होतं, म्हणून सासूबाई म्हणाल्या पायरीच्या वर काय येत नाही. गावात निम्म्या लोकांनी हाच हिशोब केला आणि तिथंच चुकलं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, २००५ ला पाणी ५३ च्या पुढं गेलेलं आणि २०१९ ला ५७ च्या वर गेलं. फूग, म्हणजे नदी फुगून पसरत येणारं पाणी, अशी येते की ते अंगावर धावून येत नाही, शांतपणे वाढत राहतं, तासाला एक पायरी, दोन पायऱ्या, आणि माणूस बघत बसतो.

दोन म्हशी ह्यांनी रात्रीच वरच्या रस्त्याला नेल्या. एक पारडी होती पंधरा दिवसांची, तिला पाण्यातून चालवत नेणं शक्य नव्हतं, म्हणून ती सोप्यात उंच ओट्यावर बांधली की इथवर पाणी येणार नाही, सकाळी नेऊ. बांधली कुणी तर माझ्या धाकट्यानं, तेव्हा तो आठ वर्षांचा, तिसरीत. तिचं नाव पण त्यानंच ठेवलेलं, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांदी. पहाटे पाणी उंबऱ्याच्या आत आलं आणि आम्हाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून काढलं ते परत घराकडं जाताच आलं नाही. पुढचं लिहीत नाही.

आम्हाला तासगावच्या बाजूला एका मंगल कार्यालयात ठेवलं, तीन गावचे लोक एकत्र. खायला कमी पडलं नाही, आजूबाजूच्या गावांनी भाकरी-पिठलं पाठवलं, कितीतरी बायकांनी स्वतःच्या घरी भाकऱ्या थापून कापडात बांधून पाठवल्या ते मी कधी विसरणार नाही. ८ तारखेला आमच्याच तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली, माणसं बुडाली, त्याचे फोटो आणि व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होते आणि मोठी माणसं ते पोरांच्या समोरच बघत होती, मोठ्या आवाजात. आम्हाला कुणालाच तेव्हा सुचलं नाही की पोरं ऐकतायत. धाकटा त्या रात्रीपासून अंथरूण ओलं करायला लागला. चार वर्षांचा असतानाच ते बंद झालेलं. मी त्याला ओरडले, सगळ्यांसमोर ओरडले, कारण सुकवायला जागा नव्हती, दुसरी चादर नव्हती आणि माझं पण डोकं ठिकाणावर नव्हतं.

त्याच दिवसांत एकजण मोबाईलवर व्हिडिओ करत हॉलमध्ये आला, कुणीतरी मदत वाटायला आलेल्यांपैकीच, आणि धाकट्याला समोर उभं करून विचारायला लागला बाळा तुझं काय काय गेलं पाण्यात, सांग सगळ्यांना. पोरगा नुसता उभा. मग हुंदका नाही की काही नाही, तोंड उघडून श्वास घ्यायला लागला. मी जेवणाच्या लाईनीत होते, मला यायला उशीर झाला.

ही टीम ९ तारखेला आली. पुणे-बेंगळुरू हायवे बंद होता म्हणून पंढरपूरकडून फिरून आले, पाच जण, त्यातल्या तीन मुली. मला वाटलं आले अजून एक वाटप करणारे. पण त्यांनी काहीच वाटलं नाही. पहिला दिवस नुसते बसले, बायकांना भाजी निवडायला मदत केली, मुलांची नावं विचारली आणि संध्याकाळी कार्यालयाच्या मॅनेजरला विचारून स्टेजच्या मागची वधूपक्षाची खोली मागितली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिथं सतरंजी टाकली, दाराला सुतळी बांधून पताका लावल्या आणि दाराशी एक कागद चिकटवला, सकाळी १० ते १२, दुपारी ४ ते ६. बस्स. ही वेळ त्यांनी एकदाही चुकवली नाही. एक दिवस लाईट नव्हती, एक दिवस कुणी मोठे साहेब येणार म्हणून सगळी धावपळ, तरी दहा वाजता खोली उघडलेली.

मला हे तेव्हा फार काही वाटलं नाही पण आता वाटतं की त्यांच्या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच होती. आमची सगळी घडी मोडलेली, शाळा नाही, घर नाही, जेवण कधी येईल माहीत नाही, बाप कुठं गेलाय माहीत नाही, आणि त्यात पोरांना एवढं एकच पक्कं माहीत होतं की दहाला ताई येणार. धाकटा साडेनऊपासून दारात जाऊन बसायचा.

आत काय करायचे ते पण सांगते कारण लोकांना वाटतं समुपदेशन म्हणजे समोर बसवून प्रश्न विचारतात. तसं काही नव्हतं. आधी हजेरी, पण शाळेसारखी नाही, प्रत्येकानं आपलं नाव आणि आज सकाळी काय खाल्लं ते सांगायचं. मग एक गाणं, रोज तेच. मग खेळ, टिपी टिपी टिप टॉप, विषामृत, आंधळी कोशिंबीर मात्र मुद्दाम टाळायचे कारण लहान मुलांना डोळे बांधून घ्यायची भीती वाटत होती. मग ज्याला जे हवं ते, चिखल, कागद, खडू, जुनी खोकी. पूर काढा असं कधी कुणाला म्हटलं नाही. पहिले दोन दिवस निम्म्या पोरांनी डोंगर, सूर्य, नारळाचं झाड हेच काढलं आणि ताईंनी तेच छान म्हणून भिंतीला लावलं. शेवटी पुन्हा तेच गाणं आणि उद्या दहाला भेटू.

तिसऱ्या दिवशी पोरांनी स्वतःच पूर-पूर खेळायला सुरुवात केली. गादी म्हणजे बोट, झाडू म्हणजे वल्हं, एकजण फौजी, बाकीचे अडकलेले. आम्ही बायकांनी बघितलं आणि अंगावर काटा आला, सासूबाई तर ओरडल्याच की अभद्र खेळ बंद करा. त्या ताईंनी सासूबाईंना हाताला धरून बाजूला नेलं आणि सांगितलं, "आजी, त्यांना खेळू दे. खरं घडलं तेव्हा त्यांच्या हातात काहीच नव्हतं, आता बोट त्यांच्या हातात आहे." सासूबाईंना ते पटलं की नाही माहीत नाही पण नंतर त्या दारात बसून बघायच्या. आणि ताई नुसतं खेळू देत नव्हत्या, लक्ष ठेवून असायच्या की कुणाचा खेळ रोज एकाच जागी येऊन अडकतोय का. माझ्या पोराचा अडकत होता. त्याच्या बोटीत सगळे यायचे आणि एक खोकं तो रोज मागं ठेवायचा आणि मग खेळ सोडून कोपऱ्यात जाऊन बसायचा.

ताईंनी मला बोलावून विचारलं, आणि मी पारडीचं सांगितलं. मला वाटत होतं त्याला पारडी गेल्याचं दुःख आहे. ताईंनी दोन दिवस वाट बघितली, मग चिखलाची जनावरं करताना त्याच्या शेजारी बसल्या, काही न विचारता त्यांनी पण एक म्हैस केली, आणि त्यांचं दावं सारखं सुटायला लागलं तेव्हा तो म्हणाला मी बांधून देतो, माझी गाठ सुटत नाही. आणि मग म्हणाला, म्हणूनच ती गेली. माझं पोरगं इतके दिवस हे घेऊन हिंडत होतं की मी गाठ घट्ट बांधली म्हणून चांदी सुटू शकली नाही. आम्ही आईबाप, आजी, चोवीस तास जवळ, आम्हाला कुणाला कळलं नव्हतं.

नंतर ताईंनी मला आणि ह्यांना बसवून सांगितलं की लहान मुलं मोठ्या संकटाचा दोष स्वतःवर घेतात हे फार वेळा होतं, त्यांना नुसतं "तुझी काय चूक नाही" म्हणून भागत नाही, खरं काय झालं ते त्यांच्या भाषेत सरळ सांगावं लागतं. मग ह्यांनी, जे कधी पोराजवळ बसून बोलत नाहीत, त्याला मांडीवर घेऊन सांगितलं की बांध असं मी सांगितलेलं, पाणी एवढं येईल हे मला पण कळलं नाही, चूक झाली तर मोठ्या माणसांची झाली, आणि दावं सैल असतं तरी एवढ्या पाण्यात ती तरली नसती. दोघं पण रडले. अंथरूण ओलं व्हायचं लगेच थांबलं नाही, गणपती होऊन गेल्यावर थांबलं, पण खेळ दुसऱ्या दिवशी पुढं सरकला. ह्या एका गोष्टीसाठी मी त्यांना पाचच्या पाच स्टार देईन.

थोरली तेव्हा बारा वर्षांची. तिच्यासाठी त्यांनी केलं ते वेगळंच. छावणीत बायकांना आंघोळीला आडोसा नव्हता, दोन साड्या बांधून केलेला, तिथं वारं आलं की उडायचा, म्हणून मोठ्या मुली पाणी प्यायच्याच नाहीत की लघवीला जावं लागेल. टीममधल्या एका मुलीनं हे बघितलं आणि कार्यालयाच्या लोकांशी बोलून पत्रा लावून आतून कडी असलेली जागा करून घेतली. पॅड मागायला आम्हाला लाज वाटायची, वाटप करणारे पुरुषच असायचे, तर त्यांनी सगळं सामान एका बाईकडं ठेवलं आणि सांगितलं की नाव न लिहिता घ्या. थोरलीची पहिली पाळी तिथंच आली. आता अठराची आहे, परवा तिला विचारलं तुला त्या टीमचं काय आठवतं तर म्हणाली कडी. बाकी गाणी-बिणी काही नाही, आतून लागणारी कडी.

इथं वहिनीचं सांगायलाच पाहिजे. माझी वहिनी लोहारा तालुक्यातली, ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा नऊ वर्षांची होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले आणि पहाटे चारच्या आत सगळं खाली आलं, दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, त्या वजनाखाली माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं पूर्ण पडली, दहा हजारांच्या आसपास माणसं. वहिनीचे वडील आणि लहान भाऊ त्यात गेले. ती छावणीत आम्हाला भेटायला आली ती टीमच्या खोलीत तासभर बसून राहिली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "वन्सं, आमच्या वेळेला पण खूप लोक आलते हो. धान्य आलं, कपडे आले, पत्र्याचे शेड आले. मला एकानं पण विचारलं नाही की तू भावाबरोबर काय खेळायचीस."

तिकडं कामं झाली नाहीत असं ती अजिबात म्हणत नाही. भारतीय जैन संघटनेनं तिथली १२०० मुलं शिकायला पुण्याला नेली, त्यात तिचा एक चुलतभाऊ होता, तो शिकून उभा राहिला. नळदुर्गला राष्ट्र सेवा दलाच्या लोकांनी भूकंपातल्या अनाथ मुलांसाठी 'आपलं घर' सुरू केलं. हराळीला ज्ञान प्रबोधिनीनं निवासी शाळा काढली, ती त्यांच्याच तालुक्यात. वहिनीला पण न्यायला तयार होते पण तिच्या आजीनं सोडलं नाही, आजीजवळ तेवढं एकच नातवंड उरलेलं. दोन्ही बाजू मला कळतात. ज्याचं कुणीच राहिलं नाही त्याला तिथं घर मिळालं, आणि ज्याची आजी आहे त्याला आजीजवळच मदत मिळायला पाहिजे होती. आता जे कोणी मुलांसाठी काम करतात ते शक्यतो घरातल्या माणसांजवळच ठेवून करतात, मला वाटतं हा फार मोठा फरक पडलाय. वहिनी अजून अनंत चतुर्दशीच्या रात्री झोपत नाही, अंगणात खुर्ची टाकून उजाडेपर्यंत बसते, आणि आता माझा भाऊ पण तिच्यासोबत बसतो. तिचं नवं गाव सरळ रेषेत आखलेलं, रुंद रस्ते, घर पक्कं, पण ती सांगते की जुन्या गावात उंबऱ्यातून हाक मारली की तीन घरात ऐकू जायची, नव्या गावात शेजारीण लांब गेली आणि बायकांचं एकत्र बसणं बंद झालं ते सुरू व्हायला कितीतरी वर्षं लागली.

१५ ऑगस्टला त्या वर्षी राखीपौर्णिमा पण होती. टीमनं सुतळी आणि रंगीत कागदाच्या राख्या पोरांकडून करून घेतल्या आणि पोरींनी त्या बोट चालवणाऱ्या पोरांना बांधल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही गावाकडं गेलो. घरात गुडघाभर गाळ, तो कुबट वास, भिंतीला हात लावला की पोपडे, देव्हाऱ्यातले देव कपाटाखाली सापडले. सरकारी मदत आली, पंचनामे झाले, खेड्यात १० हजार, ते लिहायचं कारण एवढंच की त्या दिवसांत आमचं सगळं लक्ष पंचनाम्यात आणि पोरं मागं मागं फिरतायत, त्यांना कुणी बघायला नाही. टीम इथं खरी उपयोगी पडली. त्यांनी गावच्या शाळेच्या शिक्षकांना विचारून ओसरीवर तीच सतरंजी, तीच वेळ, तेच गाणं सुरू केलं.

आणि फक्त लहान मुलांचं नाही. शाळा साफ करायला पूर्ण गाव बोलावलं, पोरांना हातमोजे आणि गमबूट घालून फक्त वरवरची कामं दिली, बाकं पुसायची, पुस्तकं उन्हात वाळवायची. लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, गोळ्या घ्या म्हणून आशाताई घरोघर हिंडत होत्या तर पोरांनी त्यांच्याबरोबर फिरून कुणी घेतल्या कुणी नाही त्याची वही केली. मग पोरांनी टेप घेऊन शाळेच्या भिंतीवर पाणी कुठवर आलेलं ते मोजलं आणि ऑइलपेंटनं पट्टी मारली २०१९, आणि जुन्या माणसांना विचारून त्याच्या खाली २००५ ची पट्टी मारली. मला आधी आवडलं नव्हतं, शाळेत रोज ते बघायचं कशाला. पण सासूबाईंनी ती पट्टी बघितली आणि म्हणाल्या, आता कुणी पायरीचा हिशोब करायचा नाही.

नंतर मोठ्या पोरांनी गावाचा नकाशा केला. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस, कुठं बाळंतीण, कुठं किती जनावरं, ट्रॅक्टर कुणाकडं, पाणी आधी कुठल्या गल्लीत शिरतं, वरच्या रस्त्याला जवळची वाट कुठली. ग्रामपंचायतीत तो लावला. प्रत्येक पोरानं पुराची पिशवी केली, त्यात आधार कार्डाची झेरॉक्स, दाखला, आजीच्या गोळ्यांचं पाकीट, टॉर्च, आणि एक वस्तू स्वतःच्या मनाची. धाकट्यानं चांदीच्या गळ्यातली घुंगराची माळ घातली, गाळ काढताना सापडलेली.

आता तक्रारी. पहिली म्हणजे सुरुवातीच्या दोन आठवड्यात त्यांची माणसं बदलत राहिली. एक दादा पोरांना फार लागला होता, सहा दिवसांनी गेला, आणि पोरांना सांगितलं पण नाही, सकाळी तो नव्हताच. ज्या पोरांचं आधीच सगळं अचानक गेलंय त्यांच्याबरोबर असं करायचं नाही. मी ताईंना बोलले, त्यांनी मान्य केलं आणि नंतर ज्याला जायचं तो दोन दिवस आधी सांगून, निरोप घेऊन जायला लागला. दुसरी, पंधरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी त्यांच्याकडं काहीच नव्हतं. ह्याच पोरांनी चार दिवस छातीएवढ्या पाण्यातून म्हातारी माणसं काढली, जे बघायला नको ते बघितलं, आणि त्यांना शाबासकी देऊन सोडून दिलं. आमच्या गल्लीतला एक मुलगा त्यानंतर वर्षभर नीट जेवला नाही, कॉलेज सुटलं त्याचं. तिसरी, बाप माणसांशी बोलणारं कुणी नव्हतं. ऊस गेला, द्राक्षबाग गेली, कर्ज तसंच, आणि बैठका सगळ्या बायकांच्या. घरात बाप गप्प बसला की पोरांना ते कळतं, मग ओसरीवर कितीही गाणी म्हणा. चौथी, सुरुवातीला एक छापील फॉर्म भरून घेत होते त्यातलं निम्मं मराठी आमच्या बायकांना कळत नव्हतं, नंतर त्यांनी तो बंद केला.

जे सगळ्यात चांगलं केलं ते असं की अंगणवाडी ताई आणि गावातल्या दोन कॉलेजच्या मुलींना रोज सोबत घेतलं, शिकवलं, आणि दिवाळीनंतर टीम गेली तेव्हा ती ओसरी ह्या तिघींनी चालवली. परकी माणसं कधीतरी जाणारच, पण वेळ तीच राहिली, गाणं तेच राहिलं.

आणि ते परत आले. छावणीत आमच्याकडं डझनभर गट आले असतील, सगळे मनापासून आले, पण सप्टेंबरनंतर कुणी दिसलं नाही, आणि खरी गरज पुढच्या जूनमध्ये लागते. पत्र्यावर पहिला जोराचा पाऊस वाजला की पोरं उठून बसतात. २०२० च्या जूनमध्ये लॉकडाऊन होतं, येता येत नव्हतं, तर ताईंनी एकेका घरी फोन केला, धाकट्याशी बोलल्या, त्यानं विचारलं आयर्विनला किती फूट, ताईंनी आकडा बघून ठेवला होता, लगेच सांगितला. मग दर आठवड्याला तो आकडा वहीत लिहायला लावला. भीती गेली नाही पण तिला एक जागा मिळाली. वहिनी हे ऐकून म्हणाली, आम्हाला पुढच्या गणपतीला असं कुणी विचारलं असतं तर.

२०२१ ला जुलैत परत पूर आला. २२ तारखेला पाऊस वाढला तसा ग्रामपंचायतीतला नकाशा काढला, बाळंतिणी आणि म्हातारी माणसं त्याच दुपारी हलवली, जनावरं संध्याकाळपर्यंत वर. धाकटा दहा वर्षांचा, पिशवी पाठीला लावून गोठ्यात गेला आणि ह्यांना म्हणाला, पप्पा आधी लहान जनावरं. घर परत भिजलं, ऊस परत गेला, नुकसान कमी झालं असं मी म्हणणार नाही. पण आमच्या गल्लीतलं एकही जनावर गेलं नाही. आणि ताई ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सतरंजी घेऊन हजर.

माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार. एक कापला तो मोठ्या पोरांसाठी आणि बापांसाठी. २०२१ ला त्यांनी सोबत एक वयस्कर गृहस्थ आणले होते, शेतकरीच, ते संध्याकाळी पारावर बसायचे, म्हणजे सुधारणा आहे, पण अजून पुरेसं नाही.

सीनाकाठच्या बहिणीला आणि बाकीच्यांना, कुठलीही टीम बोलवणार असाल तर आधी हे विचारा. किती दिवस राहणार. पुढच्या पावसाळ्यात येणार का. गावातल्या कुणाला शिकवणार का. मुलांचे फोटो काढणार का, आणि हो म्हणाले तर स्पष्ट नको सांगा. जे पहिल्याच दिवशी मुलांना गोल बसवून काय काय झालं ते सांगा म्हणतील त्यांना थांबवा. लाईट चालू ठेवून झोपणं, चिकटून राहणं, अंथरूण ओलं होणं, तोच खेळ पुन्हा पुन्हा खेळणं, हे सुरुवातीला बहुतेक मुलांना होतं, ओरडू नका, मी ओरडले ते अजून लागतं मनाला. शाळा लवकर सुरू होऊ दे, मांडवात, देवळात, कुठंही. पण महिना होऊन गेला तरी पोरगं खात नसेल, बोलत नसेल, मरायच्या गोष्टी करत असेल तर गाणी-खेळावर थांबू नका, डॉक्टरकडं न्या. २०२२ पासून मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत, मोठ्यांसाठी पण आहे. आणि मूल एकटं पडलं असेल किंवा कुणी त्याला त्रास देत असेल तर मुलांची हेल्पलाईन १०९८.

आणि तोपर्यंत वाट बघत बसू नका. एक सतरंजी टाका, एक वेळ ठरवा, गावातली एखादी बारावी झालेली मुलगी बसवा.

टीमचा नंबर हवा असेल तर मला मेसेज करा, ताईंना विचारून देईन. फोन संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा त्या शाळेत असतात, आणि गेल्या आठवड्यापासून त्या माढ्याकडं आहेत त्यामुळं रेंज नसते, दोन-तीनदा लावावा लागतो.